मूत्रपिंडाचा बिघाड आधी कसा ओळखतात?



विहिरीचे पाणी वैशाखापर्यंत पुरेल का, हे आपण दिवाळीनंतरच ताडतो. ते काही एकदा वाकून पाहिल्याने कळत नाही. पंधरा दिवसांपूर्वी पाणी कोणत्या पायरीला होते आणि आज कोणत्या पायरीला आहे, हे पाहावे लागते. पाणी उतरण्याचा वेग कळला की पुढचा हिशेब जमतो. मूत्रपिंडाचे, म्हणजे किडनीचेही तसेच आहे.

मूत्रपिंड दुखून सांगत नाही

मूत्रपिंडे रक्त गाळतात. स्नायूंत तयार होणारा क्रिएटिनिन नावाचा टाकाऊ पदार्थ ती लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळणी बिघडली की तो रक्तात साचतो. पण बिघाड हळूहळू होत असेल, तर निम्मे काम बंद पडेपर्यंत हा आकडा पुष्कळदा ठीकच दिसतो. माणूस नांगरत असतो, लावणी करत असतो, त्याला काही कळत नाही.

एका आकड्यावर विसंबू नका

समजा, एका सडपातळ बाईचे क्रिएटिनिन नेहमी ०.७ असते. ताप येऊन आठवडा झाला नाही तोच ते १.१ झाले. कागदावर १.१ हा आकडा ठीकच दिसतो. पण तो मूळ आकड्याच्या दीडपटीहून जास्त आहे! २०१२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी नियम ठरवला. सात दिवसांत क्रिएटिनिन दीडपट झाले, किंवा ४८ तासांत ०.३ ने वाढले, तर मूत्रपिंडाला इजा झाली असे समजावे. लघवीचेही माप आहे. ५० किलो वजनाच्या माणसाला सलग सहा तासांत १५० मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तर तोही इजेचाच इशारा.

आता बघा, त्या बाईचा ०.७ चा जुना कागद घरात नसेल, तर डॉक्टरांनी ताडायचे कशावरून?

अचानक इजा कशाने होते?

पनवेल तालुक्यात खारघर, कोपरा, मुर्बी, ओवे या भागातली पुष्कळ शेते सिडकोच्या नगरात गेली. तरी तालुक्यात भातलावणी अजून होते, आणि पावसाळ्यातले धोकेही तेच आहेत.

लेप्टो : उंदरांची लघवी मिसळलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे हा रोग शिरतो. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे. यात लघवी कमी न होताही मूत्रपिंड बिघडू शकते, म्हणून रक्त तपासावेच लागते.

घोणस : हिच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. दंशानंतर थेट दवाखाना गाठावा. तेथे क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा पाहतात.

जुलाब, ऊन आणि वेदनाशामक गोळ्या : अंगातले पाणी आटलेले असताना डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. अंगदुखीची गोळी दुकानातून मनाने आणून घेऊ नका.

कर्करोगावरचे औषध : खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही कर्करोगाची संस्था आहे. कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिन या औषधाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून हे औषध देण्याआधी रक्त तपासतात आणि शिरेतून सलाईन देतात. कोणाला धोका जास्त, हे ताडण्यासाठी २०१८ साली एक गुणपद्धत प्रसिद्ध झाली. ती चार गोष्टी पाहते : वय, औषधाची मात्रा, रक्तदाब आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन. आपल्या घरचे कोणी उपचाराला जात असेल, तर जुने कागद आणि रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर द्या.

हळूहळू वाढणारा आजार

मधुमेह आणि रक्तदाब मूत्रपिंडाला वर्षानुवर्षे पोखरतात. यात दोन तपासण्या महत्त्वाच्या. पहिली, रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून छापलेला गाळण्याचा वेग. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर आजार जडला असे धरतात. वर्षाला पाचाहून अधिक उतरू लागला, तर घसरण वेगाची. दुसरी, लघवीतून जाणारे अल्ब्युमिन. गाळणीची भोके मोठी झाल्याची ही खूण.

हे दोन आकडे, वय आणि स्त्री की पुरुष, एवढ्या चार गोष्टींवरून दोन आणि पाच वर्षांत डायालिसिसची पाळी येण्याचा धोका किती, हे काढण्याचे सूत्र नवदीप टांगरी व सहकाऱ्यांनी २०११ साली कॅनडातल्या रुग्णांच्या नोंदींवरून बसवले. २०१६ साली ते तीसहून अधिक देशांतल्या नोंदींवर पडताळले. उत्तर अमेरिकेबाहेरच्या रुग्णांसाठी त्यात दुरुस्ती करावी लागली. धोका आधी कळला, तर रक्तदाब, साखर आणि औषधे वेळीच सांभाळता येतात.

यंत्राचा अंदाज

अमेरिकेत सात लाखांवर माजी सैनिकांच्या नोंदींवरून संगणकाला शिकवले गेले. २०१९ सालच्या त्या अहवालाप्रमाणे, पुढे डायालिसिस लागलेल्या दर १०० इजांपैकी ९० इजांचा इशारा यंत्राने ४८ तास आधीपर्यंत दिला. मात्र सगळ्या इजा धरल्या तर ५६ च पकडल्या, आणि दर खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे निघाले. शिवाय त्या नोंदींत स्त्रिया शंभरात सहा-सातच होत्या. आपल्या भातखाचरात राबणाऱ्या बाईला तो अंदाज जसाच्या तसा लागू पडेल, असे धरून चालत नाही. ज्या शिवाराची माती तपासली, त्याच शिवाराला तो खताचा हिशेब लागू, तसे हे आहे.

एवढे करा

१. घरात प्रत्येकाची एक फाईल ठेवा. रक्त-लघवीचे सर्व कागद तारखेप्रमाणे लावा. ठीक आलेला कागदही फेकू नका.

२. वहीत तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, रक्तदाब आणि वजन लिहा.

३. तीस वर्षांवरील सर्वांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन व लघवीतले अल्ब्युमिन पाहावे.

४. लावणीनंतर ताप आला, तर डॉक्टरांना “मी चिखलात काम केले आहे” हे आपणहून सांगा.

५. लघवी कमी झाली, लाल किंवा काळसर झाली, तोंड-पाय सुजले, तर सकाळची वाट पाहू नका.

बंधू-भगिनींनो, सातबारा आपण पेटीत जपून ठेवतो. रक्ताचा साधा कागदही त्याच पेटीत असू द्या. वेळ आली, तर डॉक्टर आधी तोच मागतील.