'रानटी' शत्रूच्या तोंडून रोमचीच झाडाझडती

इसवी सन ८३च्या सुमारास आजच्या स्कॉटलंडमध्ये 'मॉन्स ग्रॉपियस' येथे रोमन फौज आणि कॅलेडोनियन टोळ्या यांच्यात मोठी लढाई झाली. तिचा वृत्तान्त आज केवळ टॅसिटस या रोमन इतिहासकारामुळे उपलब्ध आहे. शत्रूचे १० हजार, तर रोमनांचे अवघे ३६० सैनिक पडले, असे तो सांगतो. हे आकडे जपूनच वाचायला हवेत. कारण रोमन सेनापती आणि ब्रिटनचा सुभेदार अॅग्रिकोला हा टॅसिटसचा सासरा होता.

सासऱ्याचे हे चरित्र टॅसिटसने सन ९८मध्ये लिहिले. हेतू अर्थातच गौरवाचा होता. तरीही लढाईपूर्वी तो शत्रूचा नेता कॅल्गाकस याच्या तोंडी घणाघाती भाषण घालतो. धान्याची सक्तीची वसुली, फटके मारून करवून घेतलेली वेठ, गुलामगिरी असा रोमन राजवटीचा पाढाच त्यात वाचला आहे. अशी भाषणे स्वतः रचण्याची प्राचीन इतिहासकारांची रीत होती. त्यामुळे ही टीका कॅलेडोनियन नव्हे, तर रोमन लेखणीतूनच उतरली आहे. अॅग्रिकोलाने मंदिरे, चौक आणि लॅटिन शिक्षण यांना उत्तेजन दिले. जित लोक त्याला सुधारणा समजत असले, तरी तो दास्याचाच भाग होता, असेही टॅसिटस नोंदवतो.

या परखडपणामागे रोममधील अनुभव होता. सम्राट डोमिशियनच्या (सन ८१ ते ९६) दडपशाहीत सिनेटची वाचा बंद झाली होती. सीमेपलीकडच्या टोळ्यांचे स्वातंत्र्य हा टॅसिटससाठी रोमपुढे धरण्याचा आरसा ठरला.

मात्र आरशालाच छायाचित्र मानले, की अनर्थ ओढवतो. त्याच वर्षीच्या 'जर्मेनिया' ग्रंथात त्याने जर्मन टोळ्यांना साधे, शूर आणि इतरांशी न मिसळलेले म्हटले. त्यांच्या आळसाचे आणि मद्यपानाचेही वर्णन केले. नाझींनी त्यातील सोयीचे तेवढे उचलून वंशशुद्धीचा पुरावा म्हणून मिरवले. त्याचे जुने हस्तलिखित मिळवण्यासाठी १९४३मध्ये एसएस पथकाने इटलीतील एक वाडाही धुंडाळला. पण ते हाती लागले नाही.

त्या टोळ्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास मात्र उपलब्ध नाही. म्हणूनच सुभेदाराच्या जावयाने केलेले हे वर्णन वाचताना, ते कोणी आणि कोणासाठी लिहिले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.