घरी मुलं सांभाळता? मग ही वही ठेवा



आपल्या समाजात घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. कोणी निवृत्तीनंतर शेजारणीचं एखादं मूल दुपारपर्यंत ठेवते. कोणाची लेक किंवा सून घरीच तीन-चार मुलांचा छोटा मिश्पाख्तोन चालवते. हे काम मायेचं आहे, पण त्याचे पैसे घेतले की सरकारच्या दृष्टीने तो धंदा होतो. मी हिशेबनीस नाही, नर्स आहे. तरी माझ्या भाचीच्या प्रकरणात जे शिकायला मिळालं ते सोप्या भाषेत सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाचीने घरी तीन तान्ही मुलं ठेवायला सुरुवात केली. प्रत्येकाचे महिन्याला २,४०० शेकेल. काही आया रोख द्यायच्या, काही फोनवरून बिटने पाठवायच्या. मी विचारलं, "नाव नोंदवलंस का गं?" ती म्हणाली, "मावशी, तीनच तर मुलं! नोंदवलं की टॅक्सवाले अर्धे पैसे घेऊन जातील." मीही गप्प बसले. ती माझी चूक.

सात महिन्यांनी ती ओल्या फरशीवर घसरली. मूल कडेवर होतं, त्याला वाचवताना सगळा भार हातावर आला आणि मनगट मोडलं. नऊ आठवडे काम बंद. आयांनी मुलं दुसरीकडे नेली. कामावर इजा झाली तर बितुआख लेउमी भरपाई देते. स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही पहिले १२ दिवस सोडून, उत्पन्नाच्या ७५ टक्के दराने, जास्तीत जास्त ९१ दिवसांपर्यंत मिळते. पण त्यासाठी इजा होण्याआधी 'स्वतःचा धंदा करणारी' म्हणून नाव नोंदवलेलं हवं. तिचं नव्हतं. एक शेकेलही मिळाला नाही.

प्लॅस्टर असतानाच आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. बँकेचे कागद, बिटची यादी, आयांचे व्हॉट्सअॅप, सगळं जुळवून मागच्या सात महिन्यांचा हिशेब केला आणि पहिल्या दिवसापासूनची फाईल उघडली. सात महिन्यांची जमा ५०,४०० शेकेल झाली. त्यावर आयकर किती निघाला? शून्य! ज्या कराला घाबरून पोरीने नाव लपवलं, तो कर तिला लागतच नव्हता. फक्त बितुआख लेउमीचे मागचे हप्ते भरावे लागले. ते आधीच भरले असते तर भरपाई मिळाली असती.

कर शून्य कसा, ते सांगते. इस्राएलमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला आयकरात सवलतीचे गुण मिळतात. त्यांना नेकुदोत झिकुई म्हणतात. बाईला २.७५ गुण. २०२५ साली एका गुणाची किंमत वर्षाला २,९०४ शेकेल, म्हणजे सगळे मिळून ७,९८६ शेकेल करातून वजा. लहान मुलं असलेल्या आईला आणखी गुण असतात. कराचा पहिला टप्पा १० टक्क्यांचा. म्हणजे खर्च वजा जाता वर्षाला सुमारे ७९,८०० शेकेलपर्यंत बाईला आयकर बसत नाही. मात्र दुसरीकडे नोकरी असेल तर दोन्ही उत्पन्नं एकत्र धरतात, हे लक्षात ठेवा.

आता नोंदणी. दारं तीन आहेत: माआम, मस हखनासा आणि बितुआख लेउमी. पहिली दोन एकाच कर खात्याची, तिसरं वेगळं. एका ठिकाणी गेलो म्हणजे तिन्हीकडे झालं असं समजू नका.

माआमकडे छोट्या धंद्यासाठी ओसेक पातूर नावाचा प्रकार आहे. २०२५ साली वर्षाची एकूण जमा १,२०,००० शेकेलच्या आत असेल तर तो घेता येतो. यात गिऱ्हाइकाकडून माआम घ्यायचा नाही, भरायचाही नाही. पैसे मिळाले की कबाला, म्हणजे साधी पावती द्यायची. दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत मागच्या वर्षाची एकूण जमा कळवायची.

इथे एक सापळा आहे. ही मर्यादा एकूण जमेची आहे, नफ्याची नाही. चार मुलं, प्रत्येकी २,८०० शेकेल, बारा महिने, की झाले १,३४,४०० शेकेल. मर्यादा ओलांडली! मग ओसेक मुर्शे व्हावं लागतं आणि १८ टक्के माआम लागतो. आईबापांनी फी वाढवून दिली नाही तर तो आपल्याच खिशातून जातो. म्हणून आणखी एक मूल घेताना आधी वर्षाची बेरीज करा. आणि तीन वर्षांखालची सात किंवा जास्त मुलं असतील तर २०१८ च्या कायद्याप्रमाणे परवानाही लागतो. ते काम मग एकट्या बाईचं राहत नाही.

खर्चाचं काय? दोन रस्ते आहेत. एक, खरे खर्च पावत्यांसह दाखवायचे: मुलांचं खाणं, डायपर, खेळणी, गाद्या, दाराची जाळी, प्रथमोपचाराचा कोर्स, विमा. घराची वीज, पाणी, अर्नोना यांचा फक्त धंद्यापुरता हिस्सा धरायचा. चार खोल्यांपैकी एक खोली मुलांची असेल तर साधारण चौथा हिस्सा. सगळं बिल लावायचं नाही. दुसरा रस्ता, ओसेक झाईर. त्यात जमेच्या ३० टक्के रक्कम पावत्या न दाखवता खर्च म्हणून वजा होते, पण मग वेगळे खर्च दाखवता येत नाहीत.

भाची आता वर्षात अकरा महिने काम करते. तीन मुलांचे ७९,२०० शेकेल होतात. त्याचे ३० टक्के २३,७६०. तिचे खरे खर्च १९,००० च्या आसपास, म्हणून तिला ओसेक झाईर बरा. उरले ५५,४४०. त्याचा १० टक्के कर ५,५४४, आणि सवलत ७,९८६. कर शून्य. ज्या बाईचा खर्च ३० टक्क्यांहून जास्त आहे तिने पावत्यांचाच रस्ता धरावा.

बितुआख लेउमीचे हप्ते मात्र आयकर शून्य असला तरी येतात. ते वाया जात नाहीत. बाळंतपणाचा भत्ता, इजेची भरपाई, सगळं आपण जाहीर केलेल्या उत्पन्नावर ठरतं. कमी दाखवलं तर मिळतंही कमीच. शिवाय २०१७ पासून स्वतःचा धंदा करणाऱ्यांना पेन्शन फंडात पैसे भरणंही सक्तीचं आहे, हे तरुण मुलींना सांगा.

आता आपल्या वयाच्या मंडळींसाठी. निवृत्तीच्या वयापासून ७० वर्षांपर्यंत वृद्धापकाळाची पेन्शन उत्पन्न पाहून मिळते. कामाचं उत्पन्न मर्यादेपलीकडे गेलं तर पेन्शन कमी होते किंवा थांबते. सत्तरीनंतर उत्पन्न कितीही असो, ती मिळतेच. मी स्वतः सहासष्टाव्या वर्षी दोन मुलं सांभाळत होते, तेव्हा ही मर्यादा सांभाळूनच काम घेतलं. ज्यांना पेन्शनबरोबर हश्लामत हखनासा मिळते त्यांनी तर फारच जपावं. तिथे सत्तरीनंतरही उत्पन्न पाहतात. न कळवता पैसे घेतले आणि नंतर उघडकीला आलं, तर आधी मिळालेलं परत मागतात. म्हातारपणी असं कर्ज डोक्यावर नको. बितुआख लेउमीच्या शाखांमध्ये ज्येष्ठांना सल्ला देणारे स्वयंसेवक असतात, ते पैसे घेत नाहीत. काम सुरू करण्याआधी त्यांना भेटा.

शेवटी वहीबद्दल. मुंबईत नर्सिंग शिकताना आमच्या सिस्टर ट्यूटर म्हणायच्या, "लिहिलं नाही, तर केलं नाही." रात्री दोनला ताप घेतला आणि चार्टवर लिहिला नाही, तर सकाळी डॉक्टरांच्या लेखी तो घेतलाच नाही. धंद्याचंही तसंच आहे. भाचीला मी चार रकाने आखून दिले: तारीख, कोणाकडून किंवा कशासाठी, किती, पावतीचा नंबर. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. बिटचे पैसेही जमेतच. मुलांचं सामान आणि घरचं सामान दुकानात वेगळं ठेवायचं, दोन बिलं करायची. पावत्या महिन्यामहिन्याच्या पाकिटात. बँकेत धंद्यासाठी वेगळं खातं असेल तर उत्तम. हे सगळं सात वर्षं जपून ठेवायचं.

दर शुक्रवारी दुपारी, मुलं गेली की, शब्बाथची तयारी करण्याआधी ती दहा मिनिटं वही घेऊन बसते. वर्षाअखेरीला रोएख खेश्बोनकडे पिशवीभर चिठ्ठ्या नेण्याऐवजी ती एक वही नेते. त्यामुळे त्याची फीसुद्धा कमी झाली.

रकमा दरवर्षी बदलतात, म्हणून जानेवारीत नवे आकडे विचारून घ्या. आणि तुमची लेक, सून, शेजारीण घरी मुलं सांभाळत असेल तर आजच विचारा, "नाव नोंदवलंस का गं?" ती हसून विषय टाळेल, तर माझ्यासारख्या गप्प बसू नका. पुन्हा विचारा.

देव सर्वांना आरोग्य देवो.