आधी न्हाणीचं पाणी, मग झाडं

परस नीट करायचा म्हटला की माणसं गाडीला किक मारून आधी नर्सरी गाठतात. क्रोटन, अशोक, दोन-चार गुलाब, वर हिरव्या प्लास्टिकच्या कुंड्या. हजार-बाराशे रुपये तिथंच मोकळे. आमच्या शिरूर कासारला ही झाडं कशीबशी होळी बघतात. पुढं ऊन तापायला लागतं, नळाच्या पाण्याची वाट बघावी लागते, आणि पाडव्याला नुसत्या कुंड्या उरतात.

मी गावात पिठाची गिरणी चालवते. दळण लावून बसलेल्या बाया मागच्या दारातून परसात डोकावतात आणि विचारतात, "ताई, उन्हाळ्यात एवढं हिरवं कसं ठेवलं? खर्च किती आला?" खर्च दीड हजाराच्या आतलाच आहे. पण तो कुठं केला आणि कुठं हात आखडला, यातच सगळी गंमत आहे.

आमचा परस म्हणजे घरामागची वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद जागा. फुटका कूलर, मोडकी खाट, गंजलेले डबे, बांधकामातून उरलेला विटा-दगडांचा रोडा, आणि मोरीतून वाट फुटेल तिकडं गेलेल्या पाण्याचा चिखल. सगळ्यात आधी भंगारवाल्याला हाक मारली. कूलर, खाट, डबे वजनावर गेले. पैसे द्यायचे सोडून उलट हातात आले. या आवराआवरीला आमच्याकडं आणखी एक कारण आहे. पत्र्याखाली आणि दगडांच्या ढिगात विंचू हमखास निघतो, म्हणून ढीग काठीनं उलथायचा, हातानं नाही. रोडा मात्र मी टाकू दिला नाही.

आता पाण्याचं. सिंदफणा नदी पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्या गावाजवळून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला असा पूर आला की पाणी गावात घुसलं. एरवी मे महिन्यात पात्र कोरडं पडतं. अशा गावात झाडासाठी वेगळं पाणी कुणाकडं असणार? पण प्रत्येक घरात एक झरा रोज सकाळी वाहतोच, तो म्हणजे न्हाणी. एका माणसाची आंघोळ दीड-दोन बादल्यांत होते. घरात पाच माणसं धरली तरी शंभर लिटरच्या वर पाणी रोज मोरीतून जातं. आपण ते रस्त्यावर सोडतो आणि त्यावरून शेजाऱ्याशी भांडतो.

मोरीचा पाईप निघतो तिथं आम्ही दोन फूट खोल खड्डा घेतला. तळाला रोड्यातले मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर बारीक खडी आणि वाळू. पाइपाच्या तोंडाशी एक जुनं मडकं, बुडाला भोकं पाडून आत नारळाच्या शेंड्या भरलेल्या. केस आणि साबणाचा साका त्या शेंड्यांत अडकतो. आठवड्याला शेंड्या बदलायच्या, एवढाच त्रास. यात माझी अक्कल काही नाही. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथं घरोघरी असे शोषखड्डे झाले, गटारं गेली आणि गाव डासमुक्त म्हणून नावाजलं. पुढं 'नांदेड पॅटर्न' म्हणून ही पद्धत पसरली. फरक इतकाच की त्यांचं पाणी जमिनीत मुरतं. मी मात्र खड्ड्याच्या वरच्या अंगाला पाईप बसवून अर्धं पाणी केळीकडं वळवलं.

या पाण्याला कोणतं झाड चालतं, ते महत्त्वाचं. केळी, आळू आणि कर्दळ यांना साबणाच्या पाण्याचं फारसं वावडं नाही. मेथी, कोथिंबीर अशी कच्ची खाल्ली जाणारी भाजी त्या पाण्यावर घ्यायची नाही. आणि कपडे धुतलेलं पाणी तर बागेला नकोच. पावडरीतल्या सोड्यानं माती हळूहळू चोपण होते, पाणी मुरायचंच बंद होतं. त्या पाण्याची बादली आमच्याकडं फरशी धुवायला जाते.

भाजीसाठी माठ. कुंभाराकडं काठ उडालेले माठ निम्म्या दरात मिळतात, तसे चार आणले. मातीचा, रंग न दिलेला माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, स्वच्छ पाण्यानं भरायचा आणि तोंडावर कौल ठेवायचं. भोवतीची माती वाळली की माठाच्या अंगातून पाणी ओढून घेते. ओल झाली की ओढायचं थांबते. वरून शिंपलेलं पाणी निम्मं ऊनच पिऊन टाकतं, तो प्रकार इथं नाही. साबणाचं पाणी यात कधीच घालू नये, माठाची छिद्रं बुजतात. शेतीच्या एका मासिकात वाचलं की दोन हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या फान शेंगझीच्या शेतीच्या ग्रंथात हेच सांगितलंय: मधे मातीचं भांडं पुरावं, चार बाजूंना भोपळवर्गाच्या वेलाचं एकेक बी लावावं आणि भांड्यावर कौल झाकावं. वाचून मला हसू आलं. चार बाजूंना चार दोडके माझेही आहेत.

माती विकत आणली नाही. पुरानंतर लोक घरातला गाळ काढून रस्त्याकडेला टाकत होते, त्यातला मी चार-सहा घमेली परसात ओढून घेतला. पण पुराचा गाळ गावभरच्या गटारातून आलेला असतो. तो हिवाळाभर उन्हात पसरून वाळवला, त्यात कुजलेलं लेंडीखत मिसळलं, तेव्हा कुठं भाजीच्या जागी घातला. गिरणीचं झाडून काढलेलं पीठ मात्र बागेत जात नाही. मुंग्या लागतात, ते शेजारच्या मावशींच्या कोंबड्यांना.

बसायच्या जागेला सगळे मला पेव्हर ब्लॉक सुचवत होते. उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवा म्हणावं! आम्ही मुरूम टाकून चोपला. दहा बाय दहा फुटांत तीन इंचांचा थर म्हणजे पंचवीस घनफूट, पाव ब्रास. एवढ्यासाठी ट्रॅक्टरवाला येत नाही, म्हणून चार घरांनी मिळून एक ब्रास मागवला आणि वाटून घेतला. वर शेणसडा. पायवाटेला मोडलेल्या घरातले शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले. भिंतीला चुना. चुनकळी रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालून दिला की पांढराशुभ्र उठतो. विरताना चुना उकळतो; पोरांना लांब ठेवावं आणि डोळे जपावेत.

झाडांकडं मी मुद्दाम शेवटी वळले. आमच्या तालुक्यातली कितीतरी घरं दसरा-दिवाळीनंतर बंद होतात. माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. गिरणीवरही तेवढे महिने दळण कमी असतं. कुलूपबंद घराच्या परसात जे टिकेल तेच आमचं झाड, आणि यात सीताफळाचा हात कुणी धरणार नाही. बालाघाटाच्या डोंगरात ते कुणी न लावता येतं, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पहिली दोन वर्षं जगवलं की पुढं पाणी मागत नाही, आणि शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. कुंपणाचा खर्च वाचतो, हे शेळ्या मोकाट फिरणाऱ्या गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. फळ दसऱ्याच्या आगेमागे येतं, म्हणजे टोळी निघायच्या आधी खाऊन होतं. शेवग्याचं उलटं: शेंगा उन्हाळ्याच्या तोंडावर लागतात, माणसं परत येतात तेव्हा झाड लगडलेलं असतं. शेवगा तीन फुटांचा झाला की शेंडा खुडायचा, नाहीतर शेंगा पत्र्याच्याही वर जातात. मात्र शेळीला तो फार आवडतो. खोडाला बाभळीचा काटा बांधावाच लागतो.

बी विकतचं घेऊ नये असं माझं मत आहे, निदान वेलभाज्यांचं तरी. पाकिटातलं संकरित बी एकदाच कामाचं. त्याच्या फळातलं बी पुढच्या साली तसंच येईल याचा भरवसा नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमची बँक म्हणजे सासूबाईंचा डबा. एक दोडका वेलावर पार वाळू द्यायचा, बी काढून राखेत घोळायचं आणि डब्याचं झाकण घट्ट लावायचं. भुंगा लागत नाही. मृग लागला की चार-चार बिया शेजारणींच्या हातावर. बदल्यात गवार येते, घेवडा येतो, एकीनं तर अंबाडीचं बी दिलं.

मांडव तुराट्या आणि पऱ्हाटीचा. शेतातून त्या फुकट आल्या. हिशेब विचारतात म्हणून सांगते: मुरूम माझ्या वाट्याला चारशे, पाईप अडीचशे, माठ दोनशे, चुना शंभर, खत आणि वाहतूक मिळून दोनशे. मांडव बांधायच्या सुतळीचे चाळीस रुपये सासूबाईंनी दिले होते, ते त्या अजून मागतात.