राखेने खाल्लेली शेगडी

कोळशाच्या शेगडीला आग मारत नाही, राख मारते. पावसाळ्याच्या तोंडावर शेगडी माळ्यावर किंवा न्हाणीमागच्या छपरीत जाते, आणि तळाशी दोन ओंजळी राख तशीच राहून जाते. लाकडी कोळशाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्र्याला चिकटवून धरतात. चार महिने ओलं पोटीस बांधून ठेवावं तशी ती शेगडी पडून असते. दसऱ्याच्या साफसफाईत बाहेर काढली की बाजू शाबूत दिसतात आणि बुडाची चाळणी झालेली असते.

अमरावतीच्या इतवाऱ्यात किंवा अकोल्याच्या जुन्या शहरात अशी शेगडी घेऊन गेलात तर बहुतेक ठिकाणी ‘नवीनच घ्या’ हा सल्ला फुकट मिळतो. जुना लोहार मात्र आधी हातोडीने टिचकी मारतो. ठणठणीत आवाज आला तर गंज वरवरचा. भद्द आवाज आला तर पत्रा आतून पापुद्र्या-पापुद्र्याने सुटलेला. हातोडी गोल फिरवत तो बुडाशी येतो, आवाज बसतो, आणि निकाल लागतो: “हिचं बुड गेलं न भाऊ. आंग अजून चांगलं हाय.” दुरुस्तीचा निम्मा शहाणपणा या टिचकीत आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, सुटतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पाडतो. त्यामुळे लालसर रंग पाहून घाबरण्यात अर्थ नसतो. आत धातू किती उरला, एवढंच पाहायचं.

आपल्याकडे शेगड्या मुख्यतः दोन जातींच्या. एक पत्र्याची, त्यात जुन्या बादलीला किंवा तेलाच्या डब्याला खिडकी कापून केलेलीही आली. दुसरी बिडाची, जड, वर भांडं टेकायला तीन बोंडं असलेली. बीड पत्र्यासारखं झटकन चाळण होत नाही, पण तापल्यावर त्यावर पाणी सांडलं तर तडकतं, आणि साध्या वेल्डिंगने सांधलं तर टाक्याशेजारी पुन्हा तडा जातो. त्याला आधी सबंध तापवून पितळी टाका घालावा लागतो. हे करणारे हात आता कमी उरलेत. बिडाच्या शेगडीला बारीक तडा असेल तर बाहेरून लोखंडी पट्टीचं कडं आवळावं आणि वापरत राहावं, असं माझं मत.

गॅस घरोघर पोचला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांतही सिलिंडर दिसू लागला, आणि शेगडी स्वयंपाकघरातून गेली. पण ती संपली नाही. चिखलदऱ्याला पावसाळ्यात धुक्यात भुट्टे भाजणारे तिच्याच जिवावर बसतात. सीखकबाबवाल्याची लांबट शेगडी संध्याकाळी पेटतेच. आणि अलीकडे शेतावरच्या पार्ट्यांमुळे तिला नवं गिऱ्हाईक मिळालं आहे: पुण्या-मुंबईत झाकणवाला गोल बार्बेक्यू पाहून आलेली मंडळी.

त्या गोल बार्बेक्यूची गोष्ट शेगडीवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणारे, जहाजांना वाट दाखवणारे लोखंडी बोये बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफनने १९५२ मध्ये असा बोया मधोमध कापला, खालच्या वाटीला पाय लावले, वरच्या वाटीचं झाकण केलं. उघड्या जाळीवर वाऱ्याने आग कमीजास्त होते, पावसाने विझते, हे त्याचं दुखणं होतं. झाकण आणि त्यातली हवेची भोकं हे त्यावरचं औषध. वरचं भोक आणि खालचं भोक कमीजास्त उघडून आगीला हवा मोजून द्यायची, बाकी काही नाही. या बार्बेक्यूच्या, म्हणजे ‘केटल’च्या, पत्र्यावर काचेचा मुलामा भट्टीत वितळवून चढवतात, म्हणून जुनी केटल पन्नास वर्षांनीही आतून धड सापडते. गंजते ती जिथे टवका उडाला तिथे, आणि तळाच्या राखेच्या पाळीशी. म्हणजे तिकडेही राखच.

शेगडीला काचेचा मुलामा नसतो. तिचा मुलामा मातीचा. आतलं लिंपण शाबूत आहे तोवर निखारा पत्र्याला शिवत नाही, माती पडली की पत्रा रोज लाल होतो आणि रोज थोडा जळतो. म्हणून जुनी शेगडी उभी करायची म्हणजे खरं काम लिंपणाचं. आणि इथे वऱ्हाडाची गंमत आहे. ज्या काळ्या मातीने कापूस पिकवला, ती शेगडीत कवडीच्या कामाची नाही. ती पाणी पिऊन फुगते, सुकताना आवळते, पहिल्याच आगीत भेगाळून गळून पडते. माती हवी गावठाणातली पांढरी, नाही तर वारुळाची. त्यात गव्हाचं बारीक कुटार आणि शेण किंवा घोड्याची लीद मिसळून दोन दिवस भिजत ठेवायची. कुटार पुढे जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या उष्णता अडवतात आणि मातीला ताण सोसू देतात. लिंपण बोटभर जाड, दोन हातांनी द्यावं. पहिला हात अर्धवट सुकला की दुसरा.

त्याआधीचं काम कंटाळवाणं आहे. राख झाडायची, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा, कानाकोपऱ्यात चिंचेचा घट्ट कोळ लावून रात्रभर ठेवायचा. चिंचेतलं आम्ल गंज विरघळवतं. सकाळी धुऊन लगेच उन्हात ठेवावं, नाही तर दुपारपर्यंत नवा तांबूस थर धरतो. बूड बदलायचं तर काळा पत्राच घ्यावा. चकचकीत जीआय पत्रा स्वस्त आणि न गंजणारा म्हणून दुकानदार गळ्यात मारतो, पण त्यावर जस्त असतं. जस्त ४१९ अंशांना वितळतं, कोळशाचा निखारा त्याच्या कितीतरी वर जातो. मग जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला तर थंडीताप भरतो. जुनी बादली कापून शेगडी करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

मग जाळी. दहा मिलिमीटरच्या सळया दोन्ही टोकांना वेल्ड करून पक्क्या बसवायची नव्या कारागिरांना हौस. हातभर तर सोडाच, तीस सेंटिमीटरची सळईसुद्धा सातशे अंश तापली की सुमारे अडीच मिलिमीटर वाढते. तिला जागा नाही दिली तर ती वाकते आणि अंगालाच फाडते. जुन्या शेगडीच्या सळया भोकांत सैल असतात, खुळखुळतात. तो खुळखुळाट मुद्दाम ठेवलेला असतो. दुरुस्तीत तो घालवू नये. जाळीखाली राखेचं तोंड, त्याला सरकतं पान. हे पान गंजून अडकलं की शेगडीचा गळाच आवळला, कारण कोळशाला हवा खालून लागते. ते मोकळं सरकेपर्यंत बाकी कशालाही हात लावू नये.

बाहेरून रंग देऊ नये, पहिल्याच दिवशी जळून घरभर वास होतो. जवसाचं तेल फडक्याने पुसून अगदी पातळ लावावं आणि मंद तापवावं. हे तेल हवेने आणि उष्णतेने सुकून कातडीसारखा काळा थर धरतं. वऱ्हाडात जवस चटणीसाठी घरात असतोच, तेल घाण्यावर मिळतं. आतल्या बाजूला आणि जाळीला ते लावण्यात अर्थ नाही, तिथे काहीच टिकत नाही. पहिले काही दिवस मूठमूठ निखारेच ठेवावेत. ओल्या लिंपणात एकदम आग भरली की आतली वाफ माती उडवते.

आणि एक गोष्ट जरा कडक शब्दांत. डिसेंबरात वऱ्हाडात थंडी पडली की कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊन झोपायची चाल आहे. हवा अपुरी पडली की कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतून जाग येत नाही. दुरुस्त केलेली शेगडी अंगणातच.

राहता राहिला झाकणाचा प्रश्न, कारण पार्टीवाल्यांना तेच हवं असतं. वेल्डिंगवाल्याकडून शेगडीला झाकण करून घेणारे आता भेटतात. उलटं लोखंडी घमेलं, वर भोक, भोकावर फिरती चकती. वांगी, कोंबडी, भुट्टे त्यात झकास होतात. पण बहिरमच्या यात्रेत रोडगे, म्हणजे जाडसर पिठाचे गोळे, भाजणाऱ्यांनी झाकणाशिवाय तेच साधलेलं आहे. चांदूर बाजार तालुक्यातल्या या यात्रेत डिसेंबरपासून महिनाभराहून जास्त काळ मातीच्या हंड्या आणि गोवऱ्यांचे आर धगधगत असतात. रोडगा निखाऱ्यावर ठेवत नाहीत, गोवऱ्या जळून धग उतरली की त्या आरात पुरतात आणि वरून गरम राख ओढतात. चहूबाजूंनी सारखी उष्णता, हवा मोजकी, वाऱ्याचा त्रास नाही. स्टीफनने बोया कापून जे मिळवलं ते इथे राखेच्या थराने मिळतं. फक्त ती राख दुसऱ्या दिवशी पत्र्यात पडून राहत नाही, जमिनीत जाते.

घमेल्याच्या झाकणाखाली रोडगेही भाजून पाहणारे आहेत. कवच धरतं, आत शिजतंही, पण जाडसर पिठाच्या त्या गोळ्यांना गोवरीच्या आराचा वास येत नाही. त्या कामाला शेगडी काढू नये.