तिथीवरून ओळखा भरतीची वेळ

घाटावरच्या आपल्या मैत्रिणी चंद्राची वाट बघतात ती संकष्टीला, उपास सोडताना. किनाऱ्यावरच्या बायकांना तो रोजच लागतो. तिसऱ्या काढायच्या, कालवं फोडायची, तर खाडीचं पाणी कधी ओसरणार हे आधी कळायला हवं. आणि ते ठरवतो चंद्र.

चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब आहे, तरी त्याची ओढ समुद्राला जाणवते. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते तिथे ही ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाणी फुगतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून दिवसातून दोनदा भरती. तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकतो, त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते.

सूर्याचीही ओढ असते, पण भरतीवर तिचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली जातं. सगळ्यात मोठं उधाण बहुतेक वेळा त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं. अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसं चढत नाही, उतरतही नाही. त्याला म्हणतात भांग.

कोणी म्हणेल, चंद्र समुद्र हलवतो, मग आपल्या अंगातलं पाणी का नाही हलवणार? अहो, विहिरीला कधी भरती आलेली पाहिलीत का? समुद्र हजारो किलोमीटर पसरलेला आहे, म्हणून दोन टोकांच्या ओढीत फरक पडतो. आपल्या डोक्यापासून पायापर्यंत कितीसा फरक पडणार! चंद्रग्रहण म्हणजे तर पृथ्वीची सावली. त्यासाठी गरोदर सुनेला उपाशी, तहानलेली बसवून ठेवू नका. तिला चंद्राचा त्रास होत नाही, उपासाचा होतो.

आता हिशोब. मुंबईच्या आसपास जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी सकाळी नऊला. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. वेळ अंदाजाचीच आहे. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तेव्हा आपल्या गावात किती फरक पडतो ते चार दिवस बघून ठेवा.

खाडीत उतरायचं ते पाणी ओसरत असताना, आणि चतुर्थीला नऊ वाजले की टोपली उचलायची. "अजून पाणी कुठे चढलंय" असं वाटतं, तिथेच घात होतो. ओहोटीनंतर पहिल्या तासात पाणी अगदी हळू चढतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र सगळ्या भरतीतलं जवळजवळ निम्मं पाणी आत येतं. शिवाय पाणी समोरून येईल असं नाही. आपण उंचवट्यावर वाकून खणत असतो आणि पाठीमागची खोलगट वाट आधी भरते. उधाणाच्या दिवसांत तिसऱ्या भरपूर मिळतात, कारण पाणी लांब हटतं. पण ते परत येतं तेही जोरात. पावसाळ्यात वारा आणि नदीचा लोंढा असला तर हा हिशोब धरू नका.

एकटीने जाऊ नका. दोघी-तिघींनी जा, एकीने पाण्यावर नजर ठेवायची. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा. काठीचं बूड भिजलं की निघा, टोपली अर्धी असली तरी.