पोर्तुगाल-ब्राझील संबंध व गोवा

पोर्तुगाल आणि त्याची एके काळची वसाहत ब्राझील या दोन पोर्तुगीजभाषी देशांमधील राजनैतिक व सांस्कृतिक संबंध, तसेच त्यांत गोव्याला प्राप्त झालेले स्थान. हे दोन्ही देश अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर असले, तरी त्यांच्या परस्परसंबंधांचा परिणाम कोकणपट्टीवर वेळोवेळी झाला. भारत-पोर्तुगाल वादाच्या ऐन काळात तर ब्राझीलची भूमिका गोव्याच्या मुक्तीच्या आड आली. स्वतः पारतंत्र्यातून बाहेर पडलेल्या राष्ट्राने दुसऱ्याच्या पारतंत्र्याचे समर्थन का करावे, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे.

पूर्वेतिहास : ब्राझील व पोर्तुगीज भारत ही दोन्ही एकाच सागरी मोहिमेची फळे होत. पेद्रू आल्व्हारिश काब्राल हा भारताकडे निघाला असताना २२ एप्रिल १५०० रोजी त्याच्या तांड्याला ब्राझीलचा किनारा दिसला. त्याच वर्षी तो कालिकतला पोहोचला. आफोंसू द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर लिस्बन, बाईया (ब्राझील) व गोवा ही एकाच साम्राज्याची ठाणी बनली. लिस्बन-गोवा मार्गावरील जहाजे पुढे बाईयाच्या साल्व्हादोर बंदराचा आश्रय घेऊ लागली आणि बाईयाची तंबाखू व तपकीर गोव्यात येऊ लागली.

या जलमार्गाने झालेली वनस्पतींची देवघेव राजकीय तहांपेक्षा अधिक टिकाऊ ठरली. काजू हा ब्राझीलच्या किनाऱ्यावरील वृक्ष सोळाव्या शतकात गोव्यात आला. त्याचे नावही तेथील तूपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगिजांच्या मुखाने मराठीत उतरले. अननसाचीही हीच कथा. मिरचीला जुन्या युरोपीय लेखनात ब्राझीलमधील पर्नांबूकोची मिरी असे म्हटलेले आढळते. उलट दिशेने आंबा, फणस, नारळ व दालचिनी ब्राझीलला पोहोचली. समुद्रापासून दूर, बालाघाटाच्या डोंगरावर वसलेल्या तुळजापुरासही ही देवघेव अपरिचित नाही. शारदीय नवरात्रात भवानीच्या दर्शनास येणारे भाविक उपवासाला जी साबुदाण्याची खिचडी खातात, तीतील हल्लीचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझील व त्याच्या शेजारचा. शेंगदाणा, मिरची आणि बटाटा यांचे मूळही अमेरिका खंडातच आहे. परंपरेने पवित्र मानलेला हा फराळ काही शतकांपूर्वी येथे कोणाला ठाऊकही नव्हता, हे सहसा लक्षात येत नाही.

रीओ दे जानेरो ही राजधानी : नेपोलियनच्या सैन्याने पोर्तुगालवर स्वारी केल्यामुळे राजपुत्र दों झुआंव हा दरबारासह समुद्रमार्गे निघून १८०८ मध्ये ब्राझीलला गेला. तेव्हापासून १८२१ पर्यंत रीओ दे जानेरो ही सबंध पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी होती. या तेरा वर्षांत गोव्याचा कारभार लिस्बनहून नव्हे, तर रीओहून येणाऱ्या आज्ञांनी चाले. गोव्यातील इन्क्विझिशन (धर्मन्यायपीठ) १८१२ मध्ये कायमचे बंद झाले, ते याच काळात. १५६० पासून लोकांच्या मनात धास्ती उत्पन्न करणारी ही संस्था दक्षिण अमेरिकेतून राज्य करणाऱ्या सत्तेखाली संपुष्टात यावी, हा इतिहासातील एक चमत्कारिक योग होय.

ब्राझीलने ७ सप्टेंबर १८२२ रोजी स्वातंत्र्य घोषित केले. ब्रिटनच्या मध्यस्थीने २९ ऑगस्ट १८२५ रोजी रीओ येथे झालेल्या तहान्वये पोर्तुगालने ते मान्य केले आणि ब्राझीलने २० लाख पौंडांची भरपाई पतकरली. या तहातील तिसरे कलम विशेष उल्लेखनीय आहे. पोर्तुगालच्या कोणत्याही अन्य वसाहतीने ब्राझीलमध्ये सामील होण्याची इच्छा दर्शविल्यास ती स्वीकारणार नाही, असे वचन त्यात ब्राझीलच्या सम्राटाने दिले. रोख मुख्यतः अंगोलाकडे होता. तथापि वसाहतींच्या भवितव्याशी ब्राझीलने संबंध ठेवू नये, हे सूत्र येथेच प्रथम लेखनिविष्ट झाले. गोव्याचे लोकप्रतिनिधी बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हे पोर्तुगालमधील राज्यक्रांतीच्या धामधुमीत ब्राझीलच्या आश्रयास गेले होते. त्यांचा राजकीय संवादात्मक ग्रंथ १८३२ मध्ये रीओ येथे छापला गेला. पुढे ते गोव्याचे प्रीफेक्ट झाले. परंतु १८३५ मध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना काही दिवसांतच पदच्युत केले व त्यांना मुंबईस जावे लागले.

लूसो-उष्णकटिबंधवाद : विसाव्या शतकात या दोन देशांना जोडणारा सर्वांत प्रभावी वैचारिक दुवा ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ झिल्बेर्तू फ्रेयरी यांनी निर्माण केला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ब्राझीलच्या मिश्र समाजाचे गौरवपूर्ण विवेचन केले होते. पोर्तुगाल सरकारच्या निमंत्रणावरून ते १९५१ मध्ये वसाहतींच्या दौऱ्यावर निघाले व गोव्यात आले. पणजीच्या व्हास्को द गामा संस्थेतील व्याख्यानात त्यांनी उष्ण प्रदेशात पोर्तुगिजांनी एक आगळी, वर्णद्वेषरहित संस्कृती घडविली, असा सिद्धांत मांडला आणि त्यासाठी ‘लूसो-उष्णकटिबंधीय’ ही संज्ञा प्रथमच वापरली. वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नवे नाव देऊ पाहणाऱ्या सालाझारच्या राजवटीला ही उपपत्ती सोयीची वाटली नसती तरच नवल.

गोव्याच्या वस्तुस्थितीशी मात्र तिचा मेळ बसत नव्हता. गोव्यातील बहुसंख्य प्रजा हिंदू होती. घरात कोकणी आणि शाळा, कीर्तन व वृत्तपत्रांत मराठी असा तिचा व्यवहार होता. पोर्तुगीज जाणणारा वर्ग अत्यंत लहान होता. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांनी १९४४ मध्येच गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणाची परखड चिकित्सा केली होती. खुद्द पोर्तुगीज भूगोलतज्ञ ओर्लांदू रिबैरू यांनी १९५६ च्या पाहणीनंतर आपल्या सरकारला दिलेल्या अहवालात गोवा फारसा पोर्तुगीज झालेला नाही, असा निर्वाळा दिला. तो अहवाल त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. फ्रेयरींनी गोव्यात ब्राझीलची प्रतिमा शोधली, रिबैरूंनी गोवा पाहिला, असे म्हणता येईल.

गोव्याचा प्रश्न : पोर्तुगाल व ब्राझील यांच्यात १६ नोव्हेंबर १९५३ रोजी रीओ येथे मैत्री व विचारविनिमयाचा करार झाला. समान हिताच्या आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर परस्परांशी सल्लामसलत करण्याचे बंधन दोघांनी स्वीकारले. यातील एक विसंगती उघड होती. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज नागरिकांना खास स्थान मिळाले. परंतु पोर्तुगालच्या आफ्रिकी व आशियाई प्रदेशांत ब्राझीलला तसा लाभ झाला नाही. असे असूनही ब्राझीलने गोव्याच्या प्रश्नात पोर्तुगालची बाजू घेतली. ब्राझीलमधील मोठा पोर्तुगीज स्थलांतरित समाज व त्याचा वृत्तपत्रांवरील प्रभाव, ही यामागची प्रमुख कारणे होत.

दाद्रा (२२ जुलै १९५४) व नगरहवेली (२ ऑगस्ट १९५४) मुक्त झाल्यानंतर आणि १९५५ च्या सत्याग्रहात गोळीबार होण्याच्या सुमारास भारत-पोर्तुगाल राजनैतिक संबंध संपुष्टात आले. भारताने लिस्बनमधील आपली वकिलात १९५३ मध्येच बंद केली होती. ऑगस्ट १९५५ मध्ये नवी दिल्लीतील पोर्तुगीज वकिलातही बंद करविली. त्यानंतर भारतातील पोर्तुगीज हितसंबंधांची देखभाल ब्राझीलने आणि पोर्तुगीज प्रदेशांतील भारतीय हितसंबंधांची ईजिप्तने केली. मुंबईत नोकरी करणाऱ्या व गोव्यात घरदार असणाऱ्या हजारो कुटुंबांची मात्र या काळात बंद सीमा आणि आर्थिक निर्बंध यांमुळे ताटातूट झाली.

दाद्रा-नगरहवेलीस जाण्यायेण्याच्या हक्काविषयी पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. पेशवे व पोर्तुगीज यांच्यातील १७७९ चा पुण्याचा तह त्यामुळे पुन्हा चर्चेत आला. वार्षिक १२,००० रुपये वसुलाची गावे देण्याच्या त्या तहाने सार्वभौमत्व नव्हे, तर केवळ सरंजाम दिला गेला, असे न्यायालयाने मानले. मात्र पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती, असाही निष्कर्ष काढला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरी वाहतुकीचा हक्क मान्य झाला, सैन्याचा अमान्य झाला आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ठरले. या खटल्यात भारताच्या वतीने नियुक्त न्यायाधीश म्हणून मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम्. सी. छागला यांनी काम पाहिले. त्याच वर्षाच्या १५ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्यासह सर्व पोर्तुगीज प्रदेश अस्वयंशासित असल्याचा ठराव ६८ विरुद्ध ६ मतांनी संमत केला. विरोधी सहांत ब्राझील होता.

तरीही ब्राझीलचे मत एकमुखी नव्हते. कवयित्री सेसिल्या मैरेलिश यांनी १९५३ मध्ये भारतात प्रवास केला. त्यातून त्यांचा भारतविषयक कवितासंग्रह निर्माण झाला. लिस्बनमधील ब्राझीलचे राजदूत आल्व्हारू लींश यांनी १९५९ मध्ये सालाझारविरोधी जनरल उंबेर्तू देल्गादू यांना वकिलातीत आश्रय दिला आणि नंतर आपल्याच सरकारशी त्यांचे बिनसले. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या झानिऊ क्वाद्रुश यांनी स्वतंत्र परराष्ट्रधोरण जाहीर केले. परंतु त्यांनी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ब्राझीलची सहानुभूती पोर्तुगालकडेच होती.

उत्तरकाल : २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने पोर्तुगालमधील हुकूमशाही कोसळली. पदच्युत पंतप्रधान मार्सेलू कायतानू यांनी ब्राझीलमध्ये आश्रय घेतला व ते १९८० मध्ये तेथेच निधन पावले. ब्राझीलनेही जुने धोरण सोडले आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतंत्र अंगोलाला सर्वप्रथम मान्यता दिली. गोवा, दमण, दीव, दाद्रा व नगरहवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या नवी दिल्लीतील तहाने मान्य केले. त्यावर पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिऊ सुआरिश आणि भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सह्या झाल्या. थेट संबंध प्रस्थापित झाल्यामुळे ब्राझीलच्या मध्यस्थीची गरज उरली नाही.

१९५३ च्या कराराची जागा २२ एप्रिल २००० रोजी, काब्रालच्या आगमनास पाचशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, पोर्तू सेगूरू (ब्राझील) येथे झालेल्या नव्या कराराने घेतली. लिस्बन येथे १७ जुलै १९९६ रोजी स्थापन झालेल्या पोर्तुगीजभाषी देशांच्या संघटनेत दोन्ही देश समान सभासद आहेत. पोर्तुगीजभाषी प्रदेशांचे क्रीडासामने जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात भरले आणि जुलै २०२१ मध्ये भारताला या संघटनेत सहयोगी निरीक्षकाचा दर्जा मिळाला.