साखर, मीठ आणि एक दरवाजा

गेल्या मे महिन्यात नानांना जुलाब लागले. मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणली आणि मी ती अख्खी एका ग्लासात ढवळून त्यांना पाजली. जास्त घट्ट म्हणजे जास्त ताकद, असा माझा हिशोब! संध्याकाळी डॉक्टरांनी पुडीवरच्या ओळीवर बोट ठेवलं: एक लिटर पाणी. घट्ट द्रावण अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं आणि जुलाब वाढतात. 'मी साहित्याची विद्यार्थिनी' हे कारण तिथे चाललं नाही. मग वाचत बसले आणि रॉबर्ट क्रेन यांच्यापाशी पोहोचले.

क्रेन हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ. आतड्यातली साखर पेशीत शिरते कशी, हा त्यांचा प्रश्न. पेशीत आधीच साखर जास्त असली तरी बाहेरची आत जातेच, म्हणजे तिला कुणीतरी ढकलत असणार. ऑगस्ट 1960 मध्ये प्रागच्या परिषदेत त्यांनी उत्तर मांडलं: ढकलतं ते मिठातलं सोडियम. पेशी आपल्यातलं सोडियम सतत बाहेर काढते, त्यामुळे बाहेरचं आत यायला टपलेलंच असतं. पेशीच्या आवरणातला एक दरवाजा साखर आणि सोडियम यांना एकत्रच आत घेतो. एकट्याला प्रवेश नाही, जोडीनेच या. मागोमाग पाणी येतं.

कॉलऱ्यात आतडं क्षार आणि पाणी बाहेर फेकत सुटतं, पण हा दरवाजा शाबूत राहतो. म्हणून नुसतं मिठाचं पाणी पुरत नाही, ग्लुकोज लागतंच. 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी हे रुग्णांवर दाखवून दिलं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असं द्रावण पिंपांत भरून ठेवलं. नातेवाईकच रुग्णांना पाजायचे. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आला. माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीतलं सर्वात मोठं पान हेच.

आता किडनी. ती रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळते, त्यात साधारण 180 ग्रॅम साखर असते. ती लघवीवाटे वाया जाऊ नये म्हणून तिथल्या नळ्यांत याच दरवाजाचा सख्खा भाऊ बसलेला आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये मिळालेलं फ्लोरिझिन दोन्ही दरवाजे अडवतं. पुढे मुख्यतः किडनीतलाच अडवणारी औषधं तयार झाली, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली. उद्देश डायबेटिसचा होता: जास्तीची साखर लघवीतून जाऊ दे. पण त्यामुळे किडनीच्या गाळण्यांवरचा दाबही उतरतो. डापाग्लिफ्लोझिनच्या 4304 किडनीरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. किडनी ढासळण्याचा, किंवा किडनी वा हृदयाच्या विकाराने मृत्यूचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी घटला. डायबेटिस नसलेल्यांनाही फायदा झाला.

नानांच्या डब्यात हीच गोळी आहे. जुलाब थांबेपर्यंत ती बंद ठेवा, असं डॉक्टरांनी त्या संध्याकाळी बजावलं, कारण ती लघवीवाटे आणखी पाणी घालवते. ओआरएस मात्र चालू. आता लिटरची बाटली मोजून भरते, आणि पुडी त्याच पाण्यात.